मोजणीतून लाइनआउटकडे वळणाऱ्यांसाठी : लायका टीएस०७ (२ सेकंद), साइटवर उतरवून

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले किंवा खासगी मोजणीत वीस-पंचवीस वर्षे काढलेले बरेच भूकरमापक हल्ली बिल्डर-कंत्राटदारांकडे लाइनआउटच्या (ड्रॉइंगमधल्या कॉलमच्या जागा जमिनीवर आखण्याच्या) कामाला लागतात. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे दुर्बिणीचे यंत्र) त्यांना नवे नसते, रोव्हरही (उपग्रहांवरून जागा काढणारे यंत्र) हाताळलेला असतो. तरीही पहिल्याच फुटिंगला (कॉलमच्या पायाला) आरसीसी कन्सल्टंटशी (इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या इंजिनिअरशी) वाद होतो, कारण साइट तेच यंत्र वेगळ्या शिस्तीने चालवायला लावते. म्हणून हा आढावा यंत्राचा आहे, पण त्या शिस्तीच्या बाजूने लिहिलेला.

निकाल आधीच सांगतो. ज्याचा हात मोजणीत बसलेला आहे आणि ज्याला आता कॉलम उभे करायचे आहेत, त्याने लायकाचे टीएस०७ हे टोटल स्टेशन कोनाच्या दोन सेकंदांच्या (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूकतेचे घ्यावे. त्याच्यासोबत मिनी प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारे लहान लक्ष्य), दोन ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवर यंत्र सपाटीत बसवणारी बैठक) आणि लाकडी ट्रायपॉड घ्यावा. बंगले, रो-हाउस, गोडाऊन एवढेच काम असेल तर पाच सेकंदांचे पुरते. रोबोटिक (प्रिझमकडे आपोआप वळणाऱ्या) यंत्राच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. त्याचे कारण पुढे येईल.

मोजणीत आणि लाइनआउटमध्ये नेमका फरक काय, हे आकड्यांत पाहिले की बाकीचे समजायला सोपे जाते. जुनी टिपणे (मोजणीच्या नोंदी) शंकू साखळीवर आहेत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटीमीटर. अशा नोंदीवरून हद्द दाखवताना दगड वीतभर इकडे-तिकडे गेला तर तो निष्काळजीपणा म्हणता येत नाही, मूळ अभिलेखाचीच तेवढी ताकद आहे. शिवाय मोजणीत चूक वाटून देता येते. गटाचे क्षेत्र आकारबंदाशी (क्षेत्राच्या सरकारी नोंदीशी) जुळवले, लगतच्या गटांशी मेळ घातला, की काम संपते. इमारतीत चूक वाटून देण्याची सोय नाही. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात कॉलम-बीमच्या छेदाच्या मापाला उणे ६ ते अधिक १२ मिमी एवढीच सूट आहे. फुटिंगच्या मापाला उणे १२ ते अधिक ५० मिमी चालते. स्टार्टरच्या (कॉलमच्या तळाशी आधी ओतायच्या छोट्या भागाच्या) जागेसाठी कन्सल्टंट साधारण पाच मिलिमीटर धरून बसतात, आणि ते चूक नाहीत. खालच्या मजल्यावर आठ मिमी सरकलेला कॉलम वरच्या मजल्यावर सरळ करायला गेलात तर सळई वाकवावी लागते.

आता यंत्राकडे.

टीएस०७ हे हाताने फिरवायचे यंत्र आहे. दोन्ही बाजूंचे स्क्रू न संपणारे आहेत, त्यामुळे क्लॅम्प सोडा, फिरवा, पुन्हा आवळा ही कसरत नाही. दिवसभरात शंभर-दीडशे बिंदू टाकायचे असतील तर ही सोय दुर्बिणीच्या गुणवत्तेपेक्षा जास्त उपयोगी पडते. बाजूला ट्रिगर बटण आहे. नजर भिंगातून न काढता अंतर घेता येते. रंगीत टच-स्क्रीन आहे, पण सिमेंटच्या बोटांनी ती चालवू नका. कीबोर्ड पूर्ण आहे, तोच वापरा. कडक उन्हात पडदा वाचायला त्रास होतो. प्रखरता वाढवली की बॅटरी लवकर उतरते, तरी एक भरलेली बॅटरी साइटचा दिवस आरामात काढते.

दोन सेकंद का, पाच का नाही? नुसता हिशोब केला तर शंभर मीटरवर पाच सेकंद म्हणजे २.४ मिमी आणि दोन सेकंद म्हणजे एक मिमी. चाळीस-पन्नास मीटरच्या इमारतीत हा फरक किरकोळ वाटतो, आणि तो आहेही. पण कॅटलॉगमधला आकडा दोन्ही फेसवर (एकदा सरळ, एकदा दुर्बीण उलटवून) घेतलेल्या वाचनाच्या सरासरीचा असतो. लाइनआउट करताना कोणी दोन्ही फेस घेत नाही, सगळे बिंदू एकाच फेसवर पडतात. मग यंत्राची कॉलिमेशनची (दुर्बिणीची नजर-रेषा अक्षाशी काटकोनात नसल्याची) चूक जशीच्या तशी बिंदूत उतरते. आठवड्याच्या सुरुवातीला यंत्रातल्या कॅलिब्रेशनच्या मेनूत जाऊन आडवे कॉलिमेशन आणि उभ्या वर्तुळाची चूक तपासावी. साधारण शंभर मीटर दूरचे ठळक लक्ष्य घ्यावे, दुर्बीण जवळजवळ आडवी ठेवावी, सकाळी करावे. यंत्र टेम्पोतून खडखडत आले असेल तर वार न पाहता तपासावे. मुख्य सेंटर लाइनचे दोन टोकांचे बिंदू मात्र दोन्ही फेसवर टाकून मधला खिळा धरावा. बाकीच्यांना एक फेस चालतो.

खरे तर कोनाने होणारे नुकसान यंत्रापेक्षा बॅकसाइटमुळे (दिशा ठरवण्यासाठी माहीत असलेल्या बिंदूवर धरलेल्या नजरेमुळे) जास्त होते. मोजणीच्या सवयीने माणूस जवळच्या दगडावर यंत्र लावतो, दुसऱ्या जवळच्या दगडावर बॅकसाइट घेतो आणि लांबचे कोपरे टाकत जातो. बारा मीटरवरच्या बॅकसाइटला दोन मिमी चुकलात, की साठ मीटरवर दहा मिमी चुकता. तिथे यंत्र एक सेकंदाचे असले तरी वाचवत नाही. बॅकसाइट नेहमी टाकायच्या सर्वांत लांब बिंदूपेक्षा लांब हवी. जागा तेवढी नसेल तर बॅकसाइटचा नाद सोडून फ्री स्टेशन करावे.

फ्री स्टेशन, म्हणजे रिसेक्शन, हा या नोकरीचा रोजचा भात आहे. मोजणीवाल्याला तो नकोसा वाटतो, कारण त्याची सगळी हयात दगडावर ओळंबा सोडून यंत्र लावण्यात गेलेली असते. पण टीएस०७ च्या लेझर प्लमेटची (ओळंब्याऐवजी खाली ठिपका टाकणाऱ्या लेझरची) अचूकताच दीड मीटर उंचीला दीड मिमी आहे. त्यात आपल्या हातातला मिलिमीटर मिळवला की पाचपैकी अडीच मिमी सुरुवातीलाच खर्च होतात. उलट रिकाम्या जागेत कुठेही यंत्र उभे करून तीन-चार नियंत्रण बिंदूंवर (आधीच जागा माहीत असलेल्या पक्क्या खुणांवर) अंतर आणि कोन घेतले की यंत्र स्वतःची जागा काढते आणि प्रत्येक बिंदूची शिल्लक चूक दाखवते. ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखाद्या बिंदूला तीन मिमीपेक्षा जास्त चूक दिसली तर तो बिंदू वगळून पुन्हा गणित करावे, आणि संध्याकाळी तो का सरकला हे शोधावे. बहुतेक वेळा जेसीबीने धक्का दिलेला असतो.

बिंदू तीन हवेत, दोन नकोत. यामागचे कारण नीट समजून घ्या, कारण इथे पूर्ण इमारत उलटी होऊ शकते. फाइलमध्ये ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) आणि नॉर्दिंगचे (उत्तरेकडच्या अंतराचे) रकाने अदलाबदल झाले तर आराखडा आरशातल्यासारखा उलटा होतो. आरशातल्या आकृतीत सगळी अंतरे तीच राहतात, कर्णही तेच राहतात. टेपने कितीही तपासा, चूक सापडत नाही. दोन बिंदूंवरचे रिसेक्शनही बिनतक्रार पास होते. तिसरा बिंदू घेतला की मात्र मीटरमध्ये चूक दिसते. लायका आधी ईस्टिंग मागते, दुसऱ्या काही यंत्रांत आधी नॉर्दिंग असते. त्यामुळे जुन्या यंत्राची सीएसव्ही फाइल नव्यात टाकताना हा घोळ हमखास होतो. साधा उपाय : साइटची स्थानिक ग्रिड ठरवताना ईस्टिंग १००० च्या आसपास आणि नॉर्दिंग ५००० च्या आसपास धरा. अदलाबदल झाली तर पडद्यावर बघताक्षणी कळते.

नियंत्रण बिंदू कुठे ठेवावेत? खोदाईच्या रेषेपासून निदान खोदाईच्या खोलीएवढे लांब, काँक्रीटच्या छोट्या खांबात सळईचा तुकडा आणि त्यावर पंचचे टिंब. असे चार. शिवाय शेजारच्या जुन्या, बसलेल्या इमारतींच्या भिंतींवर परावर्तक पट्टीची चार-पाच लक्ष्ये चिकटवावीत. खालचे खांब डंपरच्या चाकाखाली जाणार हे गृहीत धरा. भिंतीवरची लक्ष्ये पाचव्या मजल्यापर्यंत कामाला येतात. नव्या भरावावर बांधलेल्या कंपाउंडवर लक्ष्य लावू नये. पहिल्या पावसात ती भिंत हलते.

आणि इथेच या यंत्रातला सर्वांत महागडा सापळा येतो : प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे प्रिझमनुसार अंतरात मिळवायची ठरावीक दुरुस्ती. लायकाची मोजदाद इतर कंपन्यांपेक्षा वेगळी आहे. लायकाच्या नेहमीच्या गोल प्रिझमला ती शून्य म्हणते. मिनी प्रिझमला अधिक १७.५ मिमी, सर्व दिशांनी दिसणाऱ्या ३६० अंशांच्या प्रिझमला अधिक २३.१, परावर्तक पट्टीला अधिक ३४.४. दुसऱ्या कंपनीचा उणे ३० छापलेला प्रिझम लायकावर लावला तर अधिक ४.४ टाकावे लागते. उणे ३० टाकले तर सगळेच बोंबलते. भर म्हणजे मिनी प्रिझमचीच एक शून्य कॉन्स्टंटची आवृत्ती येते, दिसायला सारखीच. खोक्यावरचा नंबर पाहून घ्या आणि प्रिझमच्या पाठीवर पक्क्या शाईने आकडा लिहून ठेवा.

हे चुकले तर काय होते? समजा यंत्रात गोल प्रिझम निवडला आहे आणि हातात १७.५ चा मिनी आहे. यंत्राला अंतर कमी दिसते, म्हणून हेल्पर प्रिझम पुढे ढकलतो आणि प्रत्येक बिंदू यंत्रापासून १७.५ मिमी लांब पडतो. यंत्र इमारतीच्या मधोमध असेल तर समोरासमोरचे कॉलम एकमेकांपासून ३५ मिमी जास्त लांब जातात. पण एकाच दिशेच्या दोन कॉलममधले अंतर बरोबरच येते, कारण दोन्ही सारखेच सरकले आहेत. मिस्त्री शेजारशेजारच्या दोन कॉलमवर टेप लावतो, अंतर जुळते, आणि सगळे समाधानाने चहाला जातात. म्हणून तपासणी नेहमी यंत्राच्या आरपार, दोन विरुद्ध टोकांमध्ये करावी. रोज सकाळी एका माहीत असलेल्या अंतरावर, ज्या प्रिझमने काम करणार त्याच प्रिझमने, एक वाचन घ्यावे. काम दोन मिनिटांचे आहे.

प्रिझम मिनीच का? मोजणीतला दीड-दोन मीटरचा पोल इथे उपयोगाचा नाही. दीड मीटर उंचीवर पोल दहा मिनिटे कोनाने कलला, की टोक ४.४ मिमी सरकते, आणि पोलची गोल बबल तेवढी चूक सहज लपवते. मिनी प्रिझम खाली टोक लावून जमिनीपासून दहा सेंटीमीटरवर धरला तर तोच कल ०.३ मिमी होतो. वाकून काम करावे लागते, हेल्पर कुरकुरतो, तरी पीसीसीवर (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर) आणि स्लॅबवर हाच धरायचा. नजर अडत असेल तेवढ्यापुरताच पोल, आणि तोही दोन पायांच्या आधारासह.

विनाप्रिझम मोजण्याची सोय टीएस०७ मध्ये उत्तम आहे आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. शेजारच्या इमारतीचा कोपरा, छताची उंची, अस्तित्वातल्या गटाराची रेषा अशा गोष्टींना ती वापरा. कॉलम टाकायला वापरू नका. लेझरचा ठिपका तीस मीटरवर साधारण ७ बाय १० मिमी आणि पन्नास मीटरवर ८ बाय २० मिमी होतो. कॉलमच्या कडेवर धरला तर अर्धा ठिपका कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडतो, यंत्र मधलेच काहीतरी अंतर देते. तेल लावलेली काळी प्लाय आणि ओली शटरिंग परतावा कमी देतात. मध्ये सळईचे जाळे असेल तर कोणत्या सळईचे अंतर आले हे कळायला मार्ग नसतो. त्यातून एकदा विनाप्रिझम मोड निवडला की तो तसाच राहतो. दुपारी परत प्रिझमवर आलात तरी वरचे छोटे चिन्ह बदलायचे राहून जाते. त्या चिन्हाकडे बघण्याची सवय लावा.

हवामानाची दुरुस्ती मोजणीत कोणी करत नाही, साइटवर करावी लागते. लायकाचे शून्य १२ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला धरलेले आहे. मे महिन्यात पुण्यात ३८ अंशांना, साडेपाचशे मीटर उंचीवर, ही दुरुस्ती चाळीस पीपीएमच्या (दहा लाखांत चाळीस भागांच्या) पुढे जाते, म्हणजे शंभर मीटरला चार मिमी. तापमान आणि उंची यंत्रात टाकली की ते बाकीचे करते. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तापमान बदलले तरी पुरे.

टेपचेही तेच. स्टीलचा टेप २० अंशांना बरोबर असतो. ४५ अंशांत तीस मीटरचा टेप साडेआठ मिमीने लांबतो. विदर्भात दुपारी दोन वाजता यंत्राचे अंतर आणि मिस्त्रीच्या टेपचे अंतर जुळले नाही तर भांडू नका, सकाळी सातला पुन्हा मोजा. फायबरचा टेप लाइनआउटच्या पेटीत ठेवूच नये.

आता रोव्हर. खात्यात कॉर्सवर (कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांच्या जाळ्यावर) रोव्हर चालवून आलेल्याला वाटते की कॉलमही रोव्हरने टाकता येतील. एक तर रोव्हरची आडवी अचूकता चांगल्या आकाशाखाली आठ-दहा मिमी, आणि बाजूला टॉवर असेल तर तीही नाही. दुसरे आणि जास्त महत्त्वाचे म्हणजे यूटीएमचे (रोव्हर वापरतो त्या सपाट नकाशाच्या जागतिक ग्रिडचे) मोजमाप जमिनीवरच्या मोजमापाशी जुळत नाही. पुणे यूटीएमच्या झोन ४३ या पट्ट्यात आहे. तिथे प्रक्षेपण आणि उंची दोन्ही धरून, यूटीएमच्या १०० मीटरला जमिनीवर सुमारे १००.०३ मीटर पडतात. छत्रपती संभाजीनगर त्या पट्ट्याच्या मध्य रेखांशाच्या जवळ आहे, तिथे फरक साडेचार सेंटीमीटरपर्यंत जातो. मुंबईत उलटे : १०० मीटरला जमिनीवर दोन सेंटीमीटर कमी. सातबाऱ्याच्या हद्दीला हा फरक कोणी विचारत नाही. पण साठ मीटर लांब इमारतीचा सांगाडा पुण्यात पावणेदोन-दोन सेंटीमीटर लांबला तर शेवटच्या बेचे (कॉलममधल्या गाळ्याचे) दरवाजे बसणार नाहीत. रस्ता तसा सोपा आहे. रोव्हरने एक मूळ बिंदू आणि दिशा घ्या, तिथून पुढे सगळी साइट स्थानिक ग्रिडवर, स्केल एक ठेवून, टोटल स्टेशनने बांधा. टीएस०७ मध्ये स्केल फॅक्टरची सेटिंग आहे. ती १ वरच आहे ना, हे कोणाचे वापरलेले यंत्र हाती आले तर पहिल्यांदा बघा.

ड्रॉइंगबद्दल मोजणीवाल्याला वेगळे सांगावे लागते. बिंदू आर्किटेक्टच्या प्लॅनवरून काढू नयेत, आरसीसी कन्सल्टंटच्या सेंटर लाइन प्लॅनवरून काढावेत. २३० बाय ६०० चा कॉलम ग्रिड रेषेवर मधोमध असेलच असे नाही. भिंतीची बाहेरची बाजू सरळ ठेवायला तो बऱ्याचदा एका बाजूला सरकवलेला असतो. तुटक मापांची बेरीज करून एकूण मापाशी जुळते का पाहा. ड्रॉइंगची आवृत्ती आणि तारीख फील्ड बुकात लिहा. टीएस०७ डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगची) फाइल घेते. पण फर्निचर, हॅच आणि झाडांसह पूर्ण प्लॅन टाकला तर यंत्र रखडते आणि पडद्यावर गिचमिड होते. ऑटोकॅडमध्ये कॉलमचे मध्यबिंदू, ग्रिड रेषा आणि नियंत्रण बिंदू एवढेच वेगळे करून फाइल द्यावी. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असते, यंत्र मीटरमध्ये. हजाराने भागायचे विसरलात तर निदान ती चूक लपत नाही.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. आधी 'क' प्रतीवरून (मोजणी नकाशाच्या प्रतीवरून) हद्द आणि मंजूर नकाशावरून सामासिक (हद्दीपासून मोकळी सोडायची) अंतरे. इथे तुमचा अनुभव कोणत्याही तरुण इंजिनिअरपेक्षा सरस ठरतो. हद्दीची निशाणी, वहिवाट आणि नकाशा यांत फरक दिसला तर खोदाईच्या आधी लेखी कळवा. प्लिंथ तपासणीच्या वेळी सामासिक अंतर वीस सेंटीमीटर कमी निघाले तर तोडफोडच होते. मग खोदाईच्या रेषेबाहेर दीड-दोन मीटरवर बुर्ज्या (विटांचे छोटे खांब) बांधून त्यांवर सेंटर लाइनचे खिळे घ्यायचे. पीसीसी झाल्यावर यंत्राने पुन्हा प्रत्येक फुटिंगची सेंटर टाकायची, बुर्जीवरच्या दोरीवर अवलंबून राहायचे नाही. दोरी ही तपासणीसाठी. फुटिंग ओतल्यावर स्टार्टरआधी पुन्हा एकदा. तिन्ही वेळा रिसेक्शन नव्याने. काल लावलेल्या ट्रायपॉडवर आज विश्वास ठेवू नये.

स्टेकआउटच्या (बिंदू जमिनीवर टाकण्याच्या) प्रोग्राममध्ये यंत्र पुढे-मागे आणि डावे-उजवे असे बाण दाखवते. हे बाण कोणाच्या बाजूने आहेत, हे हेल्परला पहिल्या दिवशी समजावून द्या. त्यापेक्षा बरे म्हणजे वॉकी-टॉकीवर डावे-उजवे म्हणूच नये. 'रस्त्याकडे पाच मिमी', 'लिफ्टकडे तीन' असे सांगावे. गाइड लाइट असलेले मॉडेल मिळत असेल तर जरूर घ्या. लाल-पिवळ्या दिव्यांवरून हेल्पर स्वतःच रेषेत येतो आणि ओरडण्याचे कष्ट निम्म्यावर येतात. रेफरन्स लाइनचा प्रोग्राम मोजणीवाले उघडतच नाहीत, आणि साइटवर तोच जास्त लागतो. दोन बिंदूंची ग्रिड रेषा ठरवली की कुठलाही बिंदू त्या रेषेवर किती पुढे आणि किती बाजूला आहे, हे थेट दिसते. झालेल्या कॉलमची तपासणी यात फार सुटसुटीत होते, कारण मिस्त्रीला ईस्टिंग-नॉर्दिंग कळत नाही, 'बी लाइनपासून चार मिमी बाहेर' हे कळते.

वरच्या मजल्यांवर रेषा नेणे हे खरे कसोटीचे काम. चार-पाच मजल्यांपर्यंत भिंतींवरच्या लक्ष्यांवरून रिसेक्शन चालते. मात्र दुर्बीण जितकी वर-खाली कलते तितकी आडव्या अक्षाची चूक वाढते, म्हणून तीव्र कोनातली लक्ष्ये दोन्ही फेसवर घ्या. त्यावर उंची गेली की प्रत्येक स्लॅबमध्ये एकावर एक असे चार चौकोनी कटआउट ठेवून खालच्या मजल्यावरून, सरळ वर किरण टाकणाऱ्या वेगळ्या लेझर प्लमेटने बिंदू वर आणावेत. कटआउटची जागा शटरिंगआधी सुताराला आणि फिटरला दाखवून ठेवावी, नाहीतर तिथे हमखास सळई येते. नव्या स्लॅबवर ट्रायपॉडची टोके सटकतात, खाली त्रिकोणी फ्रेम किंवा निदान साखळी लावा. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड उन्हात हलतो, लाकडी घ्या आणि यंत्रावर छत्री धरा. बाजूला व्हायब्रेटर किंवा काँक्रीट पंप चालू असेल तर कंपेन्सेटर (यंत्राचा बारीक कल आपोआप भरून काढणारा भाग) सारखा तक्रार करतो. काही जण त्याला कंटाळून कंपेन्सेटर बंद करतात. असे करू नका, पंप थांबेपर्यंत थांबा.

उंचीसाठी हे यंत्र दुय्यम समजा. ऑटोहाइटची सोय असलेल्या टीएस०७ मध्ये यंत्राची उंची बटणावर मिळते आणि टेपने वाकडी उंची घेण्याची चूक टळते. भराव, खोदाई, फुटिंगचा तळ यांना ती पुरेशी आहे. पण प्लिंथ, स्लॅबचे शटरिंग आणि कॉलमवरचा एक मीटरचा मार्क यांना ऑटो लेव्हलच (फक्त पातळी पाहण्याचे दुर्बिणीचे यंत्र) हवी. तिची दोन खुंट्यांची चाचणी महिन्यातून एकदा : पन्नास मीटरवर दोन स्टाफ (आकड्यांच्या उभ्या पट्ट्या), यंत्र आधी मधोमध, मग एका खुंटीजवळ. दोन फरकांत तीन मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर दुरुस्तीला द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टाफचे सांधे झिजतात, तेही टेप लावून तपासा.

तक्रारीच्या जागा : यंत्रासोबत मिळणाऱ्या सेटमध्ये बहुधा गोल प्रिझम आणि उंच पोल असतो. तो मोजणीचा सेट आहे. खरेदीच्या वेळीच मिनी प्रिझम आणि जास्तीचा ट्रायब्रॅक मागून घ्या. मेनू इंग्रजीत आणि खोल आहे. नेहमी लागणारे चार प्रोग्राम पहिल्या पडद्यावर आणून ठेवावेत. पावसात यंत्र टिकते, पण ओले यंत्र पेटीत बंद केले तर कोकणात एका पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. कापडाने पुसून रात्री पेटी उघडी ठेवा, आत सिलिका जेल टाका. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मोठे कंत्राटदार दरवर्षी मागतात, त्याचा खर्च धरून चाला.

रोबोटिक यंत्राबद्दल. प्रिझम धरणारा माणूसच टॅबवर फरक बघतो, मध्ये हेल्परची भाषा येत नाही, एक माणूस पुरतो. मोठ्या पोडियमवर, अँकर बोल्टच्या कामात, एकसारख्या शेकडो बिंदूंवर ते खरेच पैसे वसूल करते. पण नवशिक्या लाइनआउटवाल्याच्या वर सांगितलेल्या चुकांपैकी एकही ते पकडत नाही. चुकीचा कॉन्स्टंट, उलटे रकाने, दोन बिंदूंचे रिसेक्शन या चुका ते फक्त जास्त वेगाने करते. वर्षभर हाताच्या यंत्रावर शिल्लक चूक वाचायची सवय लागली, की मग मालकाला सांगून भाड्याने आणून बघा.

वापरलेले टीएस०७ घेणार असाल तर दुकानात एवढे करा : शंभर मीटरवर दोन्ही फेसचे आडवे वाचन घेऊन फरक पाहा. प्लमेटचा ठिपका जमिनीवर धरून यंत्र पूर्ण फिरवा, ठिपका वर्तुळ काढतो का बघा. सरळ रेषेत अ, ब, क असे तीन ट्रायपॉड लावून अ-ब, ब-क आणि अ-क मोजा. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याशी दोन मिमीच्या आत जुळली पाहिजे. नाही जुळली तर यंत्र आणि प्रिझम यांचा कॉन्स्टंट बिघडलेला आहे. विकणारा काहीही म्हणो, पैसे खिशात ठेवा.